मायच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्या

माझ्या मायचा भरवसा दोनच गोष्टींवर होता: तिची लोखंडी पेटी आणि डांबराची गोळी. उमरीच्या बाजारातून ती पांढऱ्याशुभ्र गोळ्यांची पुडी आणायची आणि लुगड्यांच्या घड्यांत, मोरीच्या तोंडाशी, वडिलांच्या कोटाच्या खिशात, जागा दिसेल तिथं कोंबायची. कपड्याला कसर लागली, तर घराण्याची अब्रू गेली असं तिला वाटायचं. माझ्या लग्नात तिनं जावयाला पेटीतली शाल पांघरली. आमचे हे शिंकून शिंकून बेजार. लग्नाच्या एकाही फोटोत त्यांचे डोळे उघडे नाहीत.

वर्षभरात या गोळ्या झिजून नाहीशा व्हायच्या. मायला तो चोरीचा मामला वाटे. वडिलांना पेपरमिंट चघळायची सवय, म्हणून संशय त्यांच्यावर. त्यांनी बिचाऱ्यांनी किती शपथा घेतल्या! मी शाळेत शिकले होते, की ही गोळी पाणी न होता सरळ हवेत उडून जाते. तसं सांगितलं तर म्हणाली, उडती तर मग पाय बांधून ठेवते तिचे. हवेत उडून ती शेवटी जाते कुठं, हे मात्र घरात कुणीच विचारलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या ह्यांची बदली तिकडं झाली. तेव्हा लातूरभर भाड्याची खोली शोधणारे कारकून फिरायचे, आणि पाण्याची सोय विचारली की घरमालक हसायचे. माझं पहिलं बाळंतपण तसंही माहेरीच व्हायचं होतं, म्हणून मी उमरीला आले. तिथं तरी कुठं पाणी होतं? दुष्काळच पडलेला. टँकर आला की गल्लीत हंड्यांची आणि जिभांची एकच लढाई. त्यात माय कधी हरली नाही.

मुलगी झाली. तान्ह्या लेकराला नवं कापड घालायचं नाही, घरातल्या लेकरांची जुनी, मऊ झालेली झबली-टोपडी घालायची, ही आमच्याकडची रीत. ती सगळी पेटीत, गोळ्यांच्या पहाऱ्यात. एरवी माय ती दोनदा धुऊन, दिवसभर उन्हात टाकून मगच लेकराच्या अंगाला लावायची. पण यंदा धुवायला पाणी कुठलं? मायनं निकाल दिला, की ज्याला कसरीनंसुद्धा तोंड लावलं नाही, ते कापड सोवळ्यापेक्षा स्वच्छ. मग रोज करडीचं तेल चोळून पोरीला त्या झबल्यात घालायचं आणि वरून दुपट्यात घट्ट गुंडाळायचं. पोरगी पेटी उघडल्यासारखी घमघमायची.

दोन-तीन दिवसांत पोरीचा रंग उजळला. बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, काय गोरी हो, सोन्यासारखी! आमचे हे तव्यासारखे काळे, त्यामुळं मायला तर आभाळ ठेंगणं झालं. माझ्या वळणावर गेली म्हणून ती गल्लीभर सांगून आली. मला मात्र ते सोनं बघवेना. डोळ्यांतलं पांढरं पिवळंधम्मक, दुपट्यावरचे डाग काळ्या चहासारखे, आणि पोरगी अंगावर प्यायला तयार नाही. रडायचाही तिला कंटाळा आलेला. मी मायवर ओरडले, की गोरी-बिरी काही नाही, माझी पोरगी चालली हातातून. तशीच नांदेडची गाडी पकडली. माय मागोमाग चढली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला हात लावायच्या आधी नाक पुढं केलं.

"हिला कुठल्या पेटीतून काढलंत?"

मग त्यांनी समजावलं. ही गोळी कोळशाच्या डांबरातली, विषारी. हवेत उडते ती श्वासातून आत जाते, कातडीतूनही जाते, आणि अंगाला तेल असलं तर जास्तच, कारण ती पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. आत जाऊन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, त्यातून कावीळ होते. काहींच्या रक्ताला ती फार बाधते, आणि तान्ह्या लेकराची कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. रक्त बदलावं लागेल, म्हणाल्या. पोरीचा कपडा न् कपडा उतरवून बाहेर टाकला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपल्या धुवट साडीचा तुकडा फाडून दिला, तेव्हा तिला पांघरूण मिळालं.

मायनं नांदेडला यायचं म्हणून पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती पोरीकडं वाकली तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तुम्ही बाहेर थांबा. अख्ख्या गल्लीला न हरलेली माझी माय मुकाट्यानं बाहेर गेली. मला तिचा राग होता, आणि तिची पाठ बघून रडूही आलं.

रक्त बदललं. रात्र गेली. सकाळी पोरीनं डोळे उघडले आणि प्यायली. आणि माय कुठं? दुपारी ती दारात उभी, पायापासून डोक्यापर्यंत निथळत. गोदावरीला कुठं एक डोह उरला होता, तिथं जाऊन तिनं लुगडं दगडावर आपटून आपटून धुतलं होतं, स्वतःला चोळून काढलं होतं, आणि तेच ओलं नेसून आली होती. आत पाऊल टाकलं नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणाली,

"बाई, आता हुंगा मला."

बाईंनी खरंच वाकून तिचा खांदा हुंगला, पदर हुंगला. मग स्वतःचा कोरडा टॉवेल तिच्या मांडीवर पसरला आणि पोरगी त्यावर ठेवली. पोरीचा पिवळा रंग तोवर उतरायला लागला होता, ती बापावर जायला लागली होती. माय म्हणाली, काळी हाय, लई चांगली हाय.

त्यानंतर आमच्या घरात डांबराची गोळी आली नाही. पेटीत कडुनिंबाचा पाला आला, आणि त्याला न जुमानता कसर आली. माझ्या लग्नाच्या शालूची तिनं चाळणी केली. मी तो उजेडात धरून चरफडत होते. माय शेजारी पोरीला भरवत होती, तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

"खाऊ दे की. शालूच खाल्ला न्हवं?"