चेसिसवरचा आकडा

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला कंप सुटला, त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडहून एक जुनी, बंद पडलेली गाडी मागवायचं ठरवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्याचा धक्का बसून ते असं बोलत असावेत, असं मला वाटलं. पण ते शांत होते. सगळी नोकरी त्यांची कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे घडवण्यात गेली. आता हात पुरता जायच्या आत एक गाडी स्वतः उभी करायची, शेवटच्या नटबोल्टपर्यंत, एवढंच त्यांना हवं होतं. इथे मिळणाऱ्या तशा गाड्यांचे अर्धे भाग विकले गेलेले असायचे आणि कागद तर नसायचेच. ही मात्र तिकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सबंध उभी होती.

एक अट होती. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तरच आणता येणार होती, आणि तिचं वर्ष ठरणार होतं चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकलेल्या नंबरावरून.

आमच्या गावी, उमेळ्याला, घरामागे केळीची थोडी वाडी उरली आहे. तिथे त्यांनी पत्र्याची शेड घातली, भिंतीला हत्यारं लावली. गाडी घेऊन जहाज निघालं तसे ते रोज सकाळी मोबाईलवर ते कुठवर आलं ते बघायचे. मी बघायची त्यांचा चहाचा कप. आधी बशीत थेंब पडायचे, मग बशी भरायला लागली. मी कप अर्धाच भरून द्यायला लागले. त्यांच्या ते लक्षात आलं असणार.

गाडी न्हावा शेवा बंदरात उतरली आणि आठवड्याने कस्टम्सचं काम बघणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला. तपासणीत अडचण आली होती. कागदावर नंबराचा शेवटून दुसरा आकडा आठ होता, चेसिसवर तो तीन दिसत होता. जुळला नाही तर ही गाडी कागदावरची नव्हेच, असं ठरेल. मग ती परत तरी जाईल किंवा जप्त तरी होईल. दुसऱ्या दिवशी मालकाने स्वतः यावं, असं त्याने सांगितलं.

आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मी मनातल्या मनात रोझरीच्या प्रार्थना म्हणत होते आणि पुन्हा पुन्हा कितवी म्हटली ते विसरत होते.

बंदराच्या यार्डात गाडी पहिल्यांदा पाहिली. फिकट निळी, काचांच्या कडेला शेवाळ, एक दिवा नाही. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

तपासणीच्या अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आकड्यावर गंज होता, जुना रंगही होता. त्यांच्यासमोर तो साफ करायला हरकत नव्हती, एजंट त्याचा व्हिडिओ काढणार होता. पण धातूवर नवा ओरखडा उठला, तर नंबराशी छेडछाड झाली असं त्यांना लिहावं लागलं असतं, आणि मग त्यांच्या हातात काही उरणार नव्हतं.

माझ्या नवऱ्याने पिशवीतून थिनर आणि पितळी तारांचा बारीक ब्रश काढला. पत्र्याजवळ नेताच ब्रश टकटक आपटायला लागला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरीही थांबेना. एजंटने मोबाईल खाली घेतला.

"माझ्याने नाही होणार," ते म्हणाले. "तू कर."

"मला काय कळतं यातलं?"

"मी सांगतो ना. एकाच दिशेने फिरव. दाबू नकोस."

एजंटने मोबाईल पुन्हा वर धरला. मी शाळेत शिकवलेली बाई. ब्रश म्हणून धरला असेल तो भांडी घासायचाच. ते माझ्या खांद्यामागे उभे राहून हळू आवाजात सांगत गेले. आधी चिंधीने थिनर लाव, थांब, रंग फुगू दे. आता ब्रशचा एक हात. पूस. पुन्हा. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता. एकदा ब्रशची तार कशाला तरी अडकली आणि मी हात मागे घेतला. पण तो रंगाचा पोपडा होता.

गंज उतरत गेला तशी त्या तीनच्या डाव्या बाजूला एक बारीक वळणाची खाच दिसू लागली. त्यांनी एजंटकडून खडू मागून घेतला आणि मला तो आकड्यांवर आडवा घासायला सांगितला. खाचांमध्ये पांढरी पूड बसली. अधिकारी बाईंनी टॉर्च तिरका धरून वाकून पाहिलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला.

"आठ आहे," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं.

मला आनंद वगैरे झाला नाही. मी तिथल्याच एका खोक्यावर बसले.

परतताना ठाण्याच्या अलीकडे ते म्हणाले, "मला वाटलं होतं, अजून दोन वर्षं तरी मिळतील." मी त्यांचा हात धरला. तो माझ्या हातातही हलत राहिला.

गाडी आता शेडमध्ये आहे. ते स्टुलावर बसून सांगतात, मी करते. भांडणं होतात. मागच्या महिन्यात मी एक बोल्ट तोडला, तेव्हा ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. काल इंजिनाचा कार्ब्युरेटर उघडला. निघालेला प्रत्येक भाग मी ताटात ओळीने मांडला, वहीत त्याचं चित्र काढलं आणि खाली नाव लिहून घेतलं. हल्ली एखाद्या भागाचं नाव त्यांना पटकन आठवत नाही.