हास्य क्लबने केलेला माझा सत्कार

नातवंडांनो, मी आजारी होते तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगण्यात यायचं, "आजी देवळात गेली आहे." मी एकाएकी इतकी धार्मिक कशी झाले, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मी पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे.

घर चोख होतं. डबे ओळीत, टॉवेलच्या घड्या सारख्या. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मला मात्र आमटी कोमट पाण्यासारखी लागत होती, इंग्रजी शब्दकोडं न उघडताच रद्दीत जात होतं आणि सकाळी उठायचं कशासाठी ते कळत नव्हतं.

शेवटी तुमच्या आत्याने मला सानपाड्याला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे डिप्रेशन आहे. रोज नाश्त्यानंतर एक गोळी. फरक पडायला काही आठवडे लागतील. आणि बरं वाटलं की मनानेच बंद करायची नाही, मला विचारायचं." शिवाय आठवड्यातून एकदा समुपदेशकांशी बोलायला जायचं ठरलं.

आमच्या सोसायटीत उपचार याहून झटपट होतात. कोहळ्याचा रस आला, अंगारा आला. समोरच्या बाई म्हणाल्या, "तुमाला कसलं टेन्शन? मुलं सेटल, टू बीएचके आहे." टू बीएचकेवाल्यांना डिप्रेशन होत नाही, हे शास्त्राला अजून कळायचं आहे. आजोबांनी मला बागेतल्या हास्य क्लबात नेऊन उभं केलं. हात वर करून विनाकारण हसायचं. नोकरीत साहेबांच्या विनोदांवर मी जन्मभर तेच केलं होतं, त्यामुळे शिकावं लागलं नाही.

हळूहळू आमटीला चव आली. शब्दकोडं सुटू लागलं. क्लबच्या अध्यक्षांनी, म्हणजे वाशीच्या मार्केटातल्या कांद्याच्या व्यापाऱ्यांनी, माझा सत्कार जाहीर केला.

"आजी, फक्त त्या गोळ्या सोडा. म्हणजे भाषणात क्लिअर सांगता येईल, हसून बऱ्या झाल्या."

घरी आजोबाही म्हणाले, "सोड ना. आता तर बरी आहेस."

"तुमचंही बीपी आता नॉर्मल आहे. तुम्ही आधी सोडा."

ते पेपरात शिरले.

मोह मलाही झाला. शाल मिळत असेल तर पूर्ण बरं व्हायला कोणाला आवडणार नाही? पण त्या भिंतीवरचा पोपडा न् पोपडा मला पाठ होता. तिथे परत जायचं नव्हतं.

रविवारी सकाळी बागेत नाश्ता झाला, मग सत्कार. शाल आली, नारळ आला. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आजींनी औषधाशिवाय डिप्रेशनवर मात केली." टाळ्या पडल्या. माझी गोळीची वेळ झालीच होती. मी नारळ त्यांच्या हातात दिला, पर्समधून गोळी काढली आणि म्हणाले, "जरा पाणी द्याल?"

त्यांनी दिलं. दुसरं करणार काय? मी सर्वांसमोर गोळी घेतली.

"चला, सगळ्यांनी हात वर करा," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. व्यायाम म्हणून ते चांगलंच आहे.