सासूबाईंचा लोखंडी रेडिओ

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले तेव्हा सासूबाईंची दृष्टी जवळजवळ गेलेलीच होती. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता परत येणार नाही. साताऱ्याकडच्या त्या धडधाकट बाई, मुलाच्या सरकारी नोकरीपायी बागबाजारच्या दोन खोल्यांत येऊन पडल्या होत्या. कामात हात घालायला गेल्या की काहीतरी सांडायचं, म्हणून त्यांनी हळूहळू हात घालणंच सोडलं. दिवसभर खिडकीपाशी बसायच्या. बाहेरचं बोलणं बंगालीत, ते कळायचं नाही. मी विचारायची, "आई, काय हवंय?" त्या म्हणायच्या, "काही नको गं. तू तुझं काम कर."

यांना रेडिओचं वेड होतं. गाणी ऐकण्याचं नव्हे, लांबचं ऐकण्याचं. ऑफिसातल्या एका मित्राच्या सेटवर हे शॉर्टवेव्हवर परदेशची केंद्रं शोधत. किती वाजता, कुठल्या मीटरवर, किती स्पष्ट लागलं, ते वहीत टिपून त्या केंद्राला पत्रानं कळवत. मग तिकडून चित्राचं कार्ड येई. तुमचं ऐकणं खरं, अशी पोच. पुढे त्या मित्राची बदली झाली आणि स्वतःचा सेट घ्यायचं ठरलं.

एका शनिवारी, ऑफिस अर्धा दिवस होतं, आम्ही सेट बघायला चांदनीच्या बाजारात निघालो. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते. घरात बसून काय भिंती ऐकू?" ट्राममध्ये त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

दुकानदार म्हातारा बंगाली होता. सासूबाईंना बघताच "माशीमा, माशीमा" करत त्यानं खुर्ची दिली. बंगालीत मावशीला असं म्हणतात एवढं त्यांना ठाऊक होतं, त्या हसल्या. यांचा पहिला प्रश्न तयारच होता : "डीसीवर चालणारे कुठले?" कलकत्त्याच्या बऱ्याच भागात तेव्हा डीसी वीज होती, आमच्या गल्लीतही. एसीचा सेट लावला की जळालाच. त्या एका प्रश्नानं निम्मं दुकान बाद झालं.

शेवटी दोन सेट उरले. एक नवा, लाकडी, पॉलिश केलेला. काचेवर जगभरच्या शहरांची नावं, मागे दिवा, आणि केंद्र नीट लागलं की मिटत जाणारा हिरवा डोळा. मी मनातल्या मनात त्याच्यावर क्रोशाचं आच्छादनही घालून टाकलं. दुसरा लढाईनंतर फौजेनं विकायला काढलेल्या मालातला. राखाडी लोखंडी पेटी, कोपरे पोचलेले. मात्र एकमेकांना चिकटलेली केंद्रं तो स्वच्छ वेगळी करत होता. हे कानाला हेडफोन लावून त्याच्यापुढे असे वाकले होते, की यांना कुठला हवाय हे विचारायची गरजच नव्हती. पण हेडफोन काढून म्हणाले काय, "लाकडीच घेऊ. घरात शोभेल. तुम्हां दोघींना ऐकायला बरा."

"मला बघू दे," सासूबाई म्हणाल्या. बघू दे म्हणजे हात लावू दे.

मी त्यांचा हात लाकडी सेटवर ठेवला. बोटं काचेवरून फिरली. गुळगुळीत. बटण फिरवलं, ते कुठवर आलं ते कळेना. त्यांनी हात काढून घेतला. "छान आहे हो," म्हणाल्या. हा स्वर माझ्या ओळखीचा होता. 'काही नको गं'चाच.

मग मी त्यांना दुसऱ्या सेटकडे नेलं. त्यांच्या हाताला एक जाड बटण लागलं. कट. कट. कट. त्या थांबल्या. "हा तिसरा खटका. याच्यावर काय लागतं?"

"लांबची केंद्रं, आई," हे म्हणाले.

"आणि हे मोठं?" त्या बटणाला काट्यासारखं टोक होतं. त्यांनी अंगठा टोकावर ठेवला आणि सावकाश फिरवत गेल्या. खरखर, शिट्टी, कुणीतरी बोलणारं, पुन्हा खरखर. त्यांनी बटण मागे फिरवलं, टोक नेमकं त्याच जागी आणलं. तोच आवाज लागला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"हाच घेऊ या," मी म्हणाले.

"तुला तो आवडला होता ना?" यांनी हळूच विचारलं.

"मला डोळे आहेत," मी म्हणाले. "मी दुसरं काही बघेन."

घरी आल्यावर गच्चीवर तांब्याची तार ताणली. यांनी पोस्टाची लाख वितळवून बटणाभोवती तिळाएवढे ठिपके दिले : हा मुंबईचा, हा दिल्लीचा. दोन दिवसांत सासूबाईंना ठिपक्यांची गरज उरली नाही. हे ऑफिसात गेले की त्या पाट ओढून सेटपुढे बसायच्या आणि संध्याकाळी यांना हकिगत सांगायच्या.

"आज एक बाई सापडली. वाक्य संपताना पायरी उतरल्यासारखा आवाज खाली येतो तिचा. आधी काशाची भांडी वाजवल्यासारखं वाजवतात. दुपारचं नळाला पाणी यायच्या जरा आधी."

यांनी शनिवारी शेजारी बसून ऐकलं. शेवटी इंग्रजीत नाव सांगितलं गेलं आणि हे उठून उभेच राहिले. जाव्हा बेटावरचं केंद्र! इतक्या वर्षांत यांना ते कधी लागलं नव्हतं.

पत्र लिहिलं ते आईच्या नावानं. "माझं कशाला?" त्या म्हणाल्या. "मला आता सही कुठली येतेय?" यांनी त्यांचा हात धरून कागदावर टेकवला, पण सही त्यांनी स्वतः केली. ओळ वर चढली, एवढंच.

कार्ड यायला तीन-चार महिने लागले. पाकिटावर सासूबाईंचं नाव होतं. त्यांच्या नावानं टपाल येण्याची ही कलकत्त्यातली पहिलीच वेळ. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चारी कडा चाचपल्या.

"चित्र कसलं आहे?"

"डोंगर आहे. उतारावर भाताची खाचरं."

"हिरवी की पिकलेली?"

"हिरवी. नुकती लावणी झालेली."

त्यांनी कार्डावरून अंगठा सावकाश फिरवला. मग यांना म्हणाल्या, "त्यांना लिही, आमच्याकडेही भात असाच लावतात. आणि त्या बाईला म्हणावं, जरा सावकाश बोल."

यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या.