एवाल्ड पिओन्टेकची रानझुरळं

एवाल्ड पिओन्टेक एकतीस वर्षं माझ्या डोक्यावर राहत होता, म्हणजे वरच्या मजल्यावर. खाणीच्या वसाहतीतली आमची घरं तशीच आहेत. खाली एक बिऱ्हाड, वर एक, आणि मधली तक्तपोशी इतकी पातळ की वरच्याच्या हातून चमचा पडला तरी खालचा मान वर करतो. तो कोळसा काढायला जमिनीखाली उतरायचा आणि मी खाणीच्या खानावळीत वाटाण्याचं सूप ढवळायची. त्यामुळे माझ्या हातचं त्याने आयुष्यभर खाल्लं आणि आयुष्यभर मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली.

माणूस हट्टी होता. पण त्याच्या हट्टाला शिस्त होती. मागच्या अंगणात त्याचं कबुतरखान्याचं लाकडी खोपटं होतं, शर्यतीची कबुतरं, साठ-सत्तर. रोज सकाळी सहाला तो पत्र्याची खरवडणी घेऊन खोपट्यात शिरायचा आणि फळ्यांवरची घाण खरवडून काढायचा. खर्र, खर्र. आजारपण असो, नाताळ असो, चुकायचं नाही. "घाणीत पैदास होत नाही, इर्मा," असं तो मला सांगायचा, जसं काही मीच कबुतर होते.

ती खरवड वाया जायची नाही. दर शनिवारी बादली भरून तो कुणा ना कुणा शेजाऱ्याच्या दारात ठेवायचा, बागेसाठी खत म्हणून. आमच्या वसाहतीत कबुतरवाल्याची बादली कुणी परत करत नाही. नको म्हणणं म्हणजे पुढे केलेला हात न धरणं. मग तुमच्याकडे बाग असो नाहीतर नुसती खिडकीतली कुंडी.

पुढे त्याची छाती गेली. अर्धी कोळशाच्या धुळीने, अर्धी पिसांच्या. डॉक्टर म्हणाले, कबुतरं ठेवायची की श्वास, ते ठरवा. एका रविवारी सगळी कबुतरं पिंजऱ्यांतून गेली. एवाल्ड रडला नाही, पण त्यानंतर त्याने अंगणाकडची खिडकी उघडली नाही. ते बघून त्याच्या बायकोने, मार्लिसने, महिन्याभरात एक दाढीवाला सरडा आणला. "घरात काहीतरी जिवंत हवं," म्हणाली. तो दिवसभर खिडकीतल्या काचेच्या पेटीत दिव्याखालच्या दगडावर बसून सगळ्यांकडे तिरक्या नजरेने बघायचा, म्हणून तिने त्याचं नाव श्टाइगर ठेवलं. खाणीतल्या मुकादमाला आम्ही तेच म्हणतो.

"पंख नसलेल्या जनावराकडे मी बघणार नाही," एवाल्डने जाहीर केलं, आणि नऊ वर्षं तो शब्द पाळला. श्टाइगरचं खाणं, दिवा, अंघोळ सगळं मार्लिसकडे.

मार्लिस नोव्हेंबरात गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी होते. एवाल्ड पायथ्याशी उभा होता, टोपी हातात घेऊन, पाहुण्यासारखा. ती म्हणाली, "श्टाइगरला कुणाला देऊ नकोस. त्याला खिडकीतच राहू दे." बाकी काही मागितलं नाही. तो म्हणाला, "त्यात काय मोठं!"

हिवाळाभर श्टाइगर पेटीतल्या झाडाच्या सालीखाली झोपून होता. ती त्याची रीतच आहे. फेब्रुवारीत जागा झाला आणि खाईना. पाल्याला तोंड लावेना. दुकानातले रातकिडे आणून सोडले तर ते त्याच्या पाठीवरून चालायचे आणि हा डोळे मिटून घ्यायचा. त्यातले निम्मे पळाले आणि माझ्या चुलीमागे येऊन किरकिरायला लागले. मी जिन्यात उभी राहून ओरडले, "एवाल्ड, तुझी वाजंत्री वर घेऊन जा, नाहीतर मी वर येते!" त्याच्या मुलीने, झिल्केने, हॅनोव्हरहून टपालाने टोळांचा डबा पाठवला. तो थंडीत गोठून आला. आत सगळे पाय वर केलेले.

तेव्हा योर्क आला. योर्क आमच्या भागातल्या सरडे-साप पाळणाऱ्यांच्या मंडळातला, पेशाने वायरमन. त्याच्या काखेत झाकण असलेला काळा प्लॅस्टिकचा खोका होता. मी जिन्यातच त्याला गाठलं.

"यात काय?"

"अर्जेंटिनाकडची रानझुरळं. चाळीस माद्या, दहा नर."

"झुरळं? माझ्या डोक्यावर?"

"उडत नाहीत, किरकिरत नाहीत, गुळगुळीत भिंत चढत नाहीत, बाई. तुमच्यापेक्षा शांत आहेत."

मी त्याच्या मागोमाग वर गेले, भांडायला. पण वर श्टाइगरची हालत बघितली आणि भांडण विसरले. शेपटीच्या बुडाशी हाडं दिसत होती. योर्कने चिमट्याने एक झुरळ त्याच्यासमोर धरलं. श्टाइगरने एक डोळा उघडला, मान कलती केली आणि फटकन गिळलं. मग दुसरं, मग तिसरं. एवाल्ड खुर्चीत बसला आणि त्याने नाक शिंकरलं, बराच वेळ.

योर्कने सगळं समजावलं. खोका अंधारात ठेवायचा, खालून ऊब द्यायची, अंड्यांचे पुठ्ठे उभे लावायचे, कोंडा आणि गाजर घालायचं. "आणि चार महिने कशालाच हात लावायचा नाही. तळाशी साचेल तो भुसा तसाच राहू द्यायचा."

"भुसा म्हणजे घाणच ना?" एवाल्डने विचारलं.

"घाणच. पण राहू दे."

योर्क गेल्यावर एवाल्ड माझ्याकडे वळून म्हणाला, "चाळीस वर्षं मी पैदास केली. आता हा वायरमन मला शिकवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या डोक्यावर खर्र, खर्र सुरू झालं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मार्लिस गेल्यापासून वरून पावलांचासुद्धा आवाज येत नव्हता. म्हातारा उठतो, काम करतो, हे ऐकून मी कॉफी ठेवायची. योर्क काय म्हणाला होता ते मीही ऐकलं होतं. पण मला त्यातलं काय कळतं? मी गप्प बसले.

शनिवारी दारात बादली आली. छोटी, काळपट भुशाने अर्धी भरलेली, त्यात कोंडा आणि गाजराचे तुकडे. "तुझ्या टोमॅटोंना," तो म्हणाला. बादली धरलेला हात ताठ होता, कबुतरांच्या दिवसांत असायचा तसा. नाही कसं म्हणणार? मी घेतली, आभार मानले आणि तो वर गेल्यावर तळघरात उतरले. झुरळांची घाण मी माझ्या टोमॅटोंना घालणार? मेले तरी नाही. पाणी तापवायच्या बंबामागे माझं जुनं प्लॅस्टिकचं पिंप होतं, कोबी आंबवायचं. तोंड दुसरीकडे करून मी बादली त्यात उपडी केली आणि वर फळी टाकली. दर शनिवारी तेच. आणि दर रविवारी जिन्यात सांगायचं, "टोमॅटो काय तरारलेत, एवाल्ड!" खोटं बोलायला माझी जीभ कधी अडखळली नाही.

एवाल्डचं मात्र काही तरारत नव्हतं. श्टाइगर ती झुरळं सोडून दुसरं काहीही खाईना. म्हणून दर तीन-चार दिवसांनी पैदाशीतलं एक द्यावं लागे. चाळीसच्या तीस झाल्या, तीसच्या वीस. माद्यांची पोटं फुगायची, मग एका सकाळी रिकामी दिसायची, आणि पिल्लू एकही नाही. ही झुरळं पिल्लंच घालतात, अंडी नव्हे. एवाल्ड खोक्यावर वाकून बसायचा. त्याच्या डोळ्यांना अलीकडे मधोमध डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसट. नाकाला रुमाल बांधून, खोकत, तो आणखी कसून खरवडायचा.

"गाभडतात बहुतेक," तो मला म्हणाला. "कुठेतरी घाण राहत असणार."

"योर्कला विचार की."

"विचारीन." विचारलं नाही. योर्कचा फोन आला तर म्हणायचा, "उत्तम चाललंय."

जून संपत आला तेव्हा अकरा माद्या उरल्या होत्या. एका गुरुवारी, दुपारच्या कॉफीच्या वेळी, एवाल्ड माझ्याकडे खाली आला. केक पुढे ठेवला, त्याने हात लावला नाही.

"योर्कला फोन केला," तो म्हणाला. "शनिवारी येतोय. श्टाइगरला घेऊन जाईल."

"काय बोलतोस!"

"त्याच्याकडे ढिगाने झुरळं आहेत. मला म्हणाला, आणखी पन्नास देतो. मी नको म्हटलं. दर काही महिन्यांनी हात पसरायचा? ज्याला पैदास जमत नाही त्याने जनावर ठेवू नये."

"आणि मार्लिसला काय सांगितलं होतंस?"

मी असं बोलायला नको होतं. त्याने टोपी टेबलावर ठेवली, परत उचलली.

"उपाशी मारीन असं नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. "त्याच्या बरगड्या मोजता येतात, इर्मा. तिने जन्मात एकच गोष्ट मागितली आणि ती मला सात महिनेसुद्धा जमली नाही. तू मला शिव्या दे, चालेल. पण ते नाव काढू नकोस."

तो जिना चढून गेला. प्रत्येक पायरीवर थांबत होता.

मला माझाच राग आला. आणि राग आला की मी साफसफाई करते. शनिवारी योर्क येणार, खोका परत नेणार, भुसा कुठे जायचा ते विचारणार, मग तळघरातही डोकावेल, आणि माझ्या टोमॅटोंचं पितळ उघडं पडेल. तेवढं तरी एवाल्डच्या वाट्याला नको म्हणून मी पिंप रिकामं करायला खाली गेले. फळी उचलली.

भुसा हलत होता.

आधी वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. दिवा लावला. पिंपात वीतभर भुसा होता आणि त्यावर, त्यात, गाजराच्या प्रत्येक तुकड्यावर गर्दी. काही तिळाएवढी, काही मसुरीएवढी, काही नखाएवढी. शेकड्यांनी. दिवा लागताच सगळी भुशात घुसली आणि पुन्हा नुसता काळा भुसा दिसायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अर्धवट डोळ्यांच्या माणसाला तो भुसा आणि ती पिल्लं वेगळी कशी दिसणार?

झुरळ म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. तरीही ते पिंप मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत चढले, न थांबता. सासष्ट वर्षांची बाई. दार कोपराने ढकललं.

"एवाल्ड, भिंग आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

त्याने मार्लिसचं शिवणकामाचं भिंग आणलं. मी मूठभर भुसा त्याच्या ताटलीत ओतला. तो खिडकीपाशी बसला, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघू लागला. मग म्हणाला, "हे कुठलं?"

"तुझंच. दर शनिवारचं. मी टोमॅटोंना कधी घातलंच नाही. खोटं बोलले."

मला वाटलं, आता आनंदेल. नाहीतर माझ्यावर ओरडेल. त्याने भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे पिल्लं रोज होत होती," तो म्हणाला. "रोज. आणि रोज सकाळी मी उठून..." त्याला खोकला आला. मी पाणी दिलं, त्याने बाजूला सारलं. "इर्मा, तिने मला गाठ दाखवली होती. आदल्या वर्षी, वसंतात. इथेच, या खिडकीत. म्हणाली, हात लावून बघ, काहीतरी आहे. मी बघितलं आणि म्हटलं, काही नाही. खिडक्या पूस जरा, बरं वाटेल. आणि तिने पुसल्या."

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. झिल्केलाही नाही. मी त्याच्या समोर बसले. तुझी चूक नाही, असं म्हणता आलं असतं. तो हसला असता. मी त्याचा हात धरला. त्या हातावर भुसा होता, आणि भुशात काहीतरी चालत होतं, आणि मी हात सोडला नाही.

एवढ्यात काचेच्या पेटीत खसखस झाली. श्टाइगर दगडावरून उतरून काचेपाशी आला होता. त्याने मान कलती केली होती आणि तो ताटलीकडे बघत होता.

एवाल्ड उठला. पेटीचं दार सरकवून त्याने ताटली आत ठेवायला घेतली, मग थांबला. ताटली मला दिली, त्यातला भुसा स्वतःच्या तळव्यावर घेतला आणि तो हात आत धरला, भुशासकट, पिल्लांसकट. नऊ वर्षांत त्याने त्या जनावराला एकदाही बोट लावलं नव्हतं. श्टाइगरने जीभ बाहेर काढली आणि त्याच्या तळव्यावरून एक टिपलं. मग आणखी एक. एवाल्ड हात हलवत नव्हता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याने ते पुसलंही नाही, कारण एक हात पेटीत होता आणि दुसरा मी पुन्हा धरला होता.

हात रिकामा झाला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. "फोन दे," म्हणाला. "नंबर फिरव, मला दिसत नाही."

मी नंबर फिरवून त्याच्या कानाला लावला.

"योर्क? पिओन्टेक बोलतोय. शनिवारी येऊ नकोस." पलीकडून योर्कने काहीतरी घाबरून विचारलं. एवाल्डने घसा साफ केला.

"नाही रे, मेला नाही. जेवतोय."