अण्णांच्या पायातली शीर

माझे वडील, अण्णा, ठिबक सिंचनाचे फिटर. निफाडकडच्या द्राक्षबागांत पाईप जोडण्यात त्यांचा जन्म गेला. नव्वदच्या दशकात मुंबईला नेऊन त्यांची बायपास केली; पायातली शीर काढून हृदयावर बसवली. घरी आल्यावर येईल त्याला ते पोटरीवरचा व्रण दाखवायचे. "घरचाच माल हाय, उसना नाय!"

नऊ वर्षांनी छातीत पुन्हा दुखायला लागलं. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बसवलेली शीर आतून जाड होऊन अरुंद झालीय, पुन्हा ऑपरेशन करा, उशीर नको. अण्णा तडकले. "माझीच शीर आन् माझ्याशीच बेइमानी? मला नाय करायचं काय!"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. वर्गभर पोरं माझ्या एका नजरेनं गप्प व्हायची, पण या म्हाताऱ्यापुढं माझी डाळ शिजेना. चौथ्या दिवशी माझा तोल गेला. "मरायचंय का तुम्हाला?" मी ओरडलेच.

ते शांतपणे म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. मला एक सांग. कमी दाबाचा पाईप थेट मोटारीला जोडला तर फुटतो. पायातल्या शिरेला एवढा दाब कुठला ठाऊक? मग ही फुटली का नाय?"

अगं बाई! इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलं नव्हतं. मी राग विसरून खुर्ची ओढली. म्हटलं, पाईप निर्जीव, शीर जिवंत. दाब सोसेनासा झाला, की तिच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढायला लागतात, आतल्या बाजूला सरकतात, तंतूंचे थर घालतात. म्हणून ती फुटत नाही. पण त्यांना थांबायचं कळत नाही, आणि रक्ताची वाटच बुजत जाते.

"पाना धरून तुमच्या हाताला घट्टे पडलेत ना, तसंच."

अण्णा तळहात बघत राहिले. "म्हंजी ती मला वाचवतच व्हती."

"हो."

"आन् बिडीनं काय व्हतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. तरी सांगितलं, "बिडीनं त्या पेशी आणखी चेकाळतात, अण्णा."

पहिल्या ऑपरेशननंतर त्यांची बिडी सुटली, असंच आम्ही घरचे धरून चाललो होतो. अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातून अर्धं बंडल काढून माझ्या हातात ठेवलं.

"नऊ वर्षं ती बिचारी मार खात व्हती, आन् मी वरून धूर सोडत व्हतो. इचार डॉक्टरला, कधी करायचं ते."

मला खूप ओरडायचं होतं. बंडल मुठीत धरून मी नुसती रडत बसले.