सुई दिधी, उशी नको

वडिलांच्या छातीत पेसमेकर, म्हणून डॉक्टर एमआरआय नको म्हणाले. पाय बधिर होत चालले होते, केळीच्या बागेत जाणं सुटलं होतं. शेवटी नंदुरबारच्या एका दवाखान्यात पाठीत सुई देऊन मणक्याच्या पाण्यात औषध सोडायचं न् फोटो काढायचा, असं ठरलं. त्या औषधामुळे नस कुठे दबली ते दिसतं म्हणे.

फोटो झाला. नर्सने दोन उशा लावून त्यांचं डोकं उंच ठेवलं न् ती गेली. आईने लगेच उशा काढल्या. आमच्याकडे सिझर झालेली कुठलीही बाई सांगेल, पाठीत सुई दिली की उशी नको, नाहीतर डोकं जन्मभर ठणकतं. "सुई दिधी ना, उशी नको," म्हणत ती वडिलांच्या केसांतून हात फिरवत बसली.

थोड्या वेळाने वडील म्हणाले, "पाय वढाई ऱ्हायनात." आधी मांड्या उडू लागल्या, मग कंबर, मग सगळं अंग. दातखीळ बसली. मी बोंबलत धावले. "मन्हा बापले काय व्हई ऱ्हायनं? कोणतं औषध टोचलं?"

फोटो काढणारा म्हणाला, "नेहमीचंच."

अरे, नेहमीचं म्हणजे कोणतं, मेल्या? ट्रेमधली रिकामी बाटली मी उचलली न् पदराला बांधली.

वडिलांना तसंच गाडीत घालून सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ती बाटली पाहून कपाळाला हात लावला. "हे मुतखड्याच्या फोटोसाठी शिरेतून देतात. मणक्यात गेलं की विष. मणक्याचं औषध वेगळं असतं." मी उशीचं विचारलं. "उशीने नाही, बाई. या बाटलीने," ते म्हणाले. देवा रे, मी किती हातापाया पडले त्यांच्या! वडिलांना आम्ही शववाहिनीतून घरी आणलं.

दुखवट्याला दारावर बसायला तो फोटोवालाही आला. आई त्याला म्हणाली, "भाऊ, मीच उशी काढी."

त्याने मान खाली घातली. "आता काय इलाज, मावशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाटलीचं सांग ना रे, मुडद्या!" बायांनी मलाच धरून आत नेलं.

डॉक्टर काय म्हणाले ते मी आईला अजूनही सांगते, रडून सांगते, भांडून सांगते. ती सगळं ऐकून घेते न् माझे डोळे पुसते. "तुन्ही मन्हावर माया शे, बेटा. म्हणीसन तू आसं बोलस."