फोटोतला कामगार

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कामगार मंत्र्यांच्या कचेरीत झाडलोट करायचे. तेही ठेकेदारामार्फत. पण सुखी कामगार म्हणून सगळ्या सरकारी पोस्टरांवर चेहरा त्यांचाच. कारण साधं होतं. मंत्र्यांना कामगाराशी हात मिळवतानाचा फोटो लागे, आणि खरे कामगार नेमके तेव्हा कामावर असत. मग सचिव दाजींच्या हातातला झाडू काढून घेत आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवत. दाजी कधी खाणकामगार झाले, कधी गवंडी. मंत्री बदलले, हेल्मेट तेच राहिलं.

प्रत्येक फोटोनंतर सचिव म्हणत, "तुम्हाला कायम करायचं बघतोच."

"झालात का कायम?" ताई विचारायची.

"होईन गं. साहेबांनी शब्द दिलाय."

शब्द द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं, असं मी म्हणायचो. पण मेहुण्याचं ऐकतो कोण.

नवे मंत्री आले ते भलते तडफदार. ठेकेदारी म्हणजे गुलामगिरी, ती आधी आपल्याच कचेरीतून हद्दपार करू, असं सभागृहात कडाडले. दाजींनी घरी गोड आणलं. मलासुद्धा वाटलं, देव पावला. आठवड्याभरात ठेकेदार गेला आणि त्याच्याबरोबर त्याची माणसंही गेली. झाडलोटीचं काम एका 'सेवासंस्थे'ला मिळालं. ती म्हणे ठेकेदार नव्हती, आणि तिला तरणीबांड पोरं हवी होती.

दाजींचं काम सुटलं त्याच दुपारी सचिवांचा फोन आला. "ठेकेदारी संपल्याचा समारंभ आहे. दाढी करून या."

"लाज कशी वाटत नाही मेल्यांना? जाऊ नका तुम्ही," ताई म्हणाली.

"जातो. मंत्र्यांशी समोरासमोर बोलता तरी येईल."

मीही सोबत गेलो. हेल्मेट चढलं. मंत्र्यांनी दाजींचा हात हातात घेतला. दाजी हळूच म्हणाले, "साहेब, माझं काम गेलंय हो. इथे झाडू मारता मारता केस पिकले माझे. आता या वयात जाऊ कुठे?"

मंत्र्यांनी कॅमेऱ्यावरची नजर हलवली नाही, ओठांवरचं हसूही नाही. "अरेरे," ते तसेच पुटपुटले. "मुकाट सोसू नका. सरळ कामगार खात्यात जाऊन तक्रार करा."

"काका, जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला.

आणि दाजी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ते हसले.

तो फोटो ताईच्या घरासमोरच्या बसथांब्यावर लागलाय. कामाला निघाली की ती हल्ली पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाते.